दामूकाकांचं दुसरं सुतक

आमच्या घराच्या दाराला कडी आहे, पण ती दिवसा लावायची पद्धत नाही.

पंचवटीत, गंगेपासून म्हणजे आमच्या गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर आमची तीन मजली इमारत आहे. वरच्या दोन मजल्यांवर यजमान उतरतात आणि खाली आम्ही राहतो, असं म्हणायचं. खरं म्हणजे यजमान सगळीकडेच असतात. कोणाला रामकुंडावर अस्थी सोडायच्या असतात, कोणाला वडिलांचं श्राद्ध करायचं असतं, कोणाला नुसतंच गरम पाणी हवं असतं. माझे वडील, शामसुंदर गुरुजी, यांना आम्ही अण्णा म्हणतो. लांबून आलेल्या माणसाला आपलं दार बंद दिसलं तर ते पाप, असं त्यांचं मत. आईने जन्मभर या मताचा स्वयंपाक केला आणि ती गेली. आता तो मी करते.

मी आभा, मधली. प्रतिभाताई मोठी, ती पुण्याला दिलेली. गौरांग धाकटा, अण्णांच्या हाताखाली तयार झालेला. अण्णांचे गुडघे गेल्यापासून पौरोहित्य तोच बघतो. मी शरणपूर रोडवरच्या एका बँकेत आहे आणि माझं लग्न झालेलं नाही. या दोन्ही गोष्टींबद्दल लोक मला एकाच सुरात विचारतात, ‘अजून तिथेच का?’

गौरांगचं एका मुलीवर प्रेम होतं. तेजश्री तिचं नाव, सातपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात होती. हसरी, बोलायला मोकळी. दोनदा घरी आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा गौरांगच्या खोलीत मध्य प्रदेशातल्या एका कुटुंबाच्या बॅगा ठेवलेल्या होत्या, पलंगावर त्यांचं तान्हं मूल झोपलं होतं, आणि त्या मुलाची आजी तेजश्रीलाच ‘जरा लक्ष ठेवा हं’ सांगून आंघोळीला गेली होती. तेजश्री मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “ताई, या घरात आतून बंद होणारी एखादी खोली आहे का हो?” हसत म्हणाली, पण विचारलं खरंच होतं. मी म्हटलं, “मोरी आहे.” तीही हसली, मीही हसले. नंतर मला वाटलं, मी हसायला नको होतं.

तिने गौरांगला एवढंच सांगितलं होतं, की आपण वेगळं राहू. तू भिक्षुकी कर, मला तिची लाज नाही, पण रात्री आपलं दार आपण लावू. गौरांग म्हणायचा, अण्णांशी बोलतो. ‘बोलतो’ म्हणता म्हणता दोन दिवाळ्या गेल्या. तिच्या घरच्यांनी पिंपरीचा मुलगा बघितला. साखरपुड्याचा फोटो गौरांगला मोबाइलवर दिसला तेव्हा तो एका यजमानाची तर्पणाची भांडी घासत होता. भांडी घासून झाली, मग तो उठला. अण्णांचा धाक म्हणा, सवय म्हणा, आमच्या घरात हातातलं काम पुरं झाल्याशिवाय कोणी दुःख करत नाही.

त्यानंतर तो जेवेनासा झाला. बोलायचं तर मंत्रच बोलायचा. अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी प्रतिभाताईकडे पुण्याला गेले आणि सगळा भार त्याच्या एकट्यावर आला. एके दिवशी सकाळी तो रामकुंडावरून लवकर परत आला. मी बँकेत जायला निघाले होते. तो उंबऱ्यातच बसला. पंच्याची गाठसुद्धा सोडली नव्हती.

“ताई, मला सुतक आलंय.”

“कोण गेलं?”

“ते ठरवायचंय,” तो म्हणाला.

मी पर्स खाली ठेवली. मग हळूहळू कळलं ते असं. एक मुलगा आपल्या आईचं करायला आला होता. पिंड देताना गुरुजी गेलेल्या माणसाचं गोत्र आणि नाव घेतात, मागून यजमान तेच म्हणतो. आईचं नाव मंगलाबाई. गौरांगच्या तोंडून निघालं तेजश्री. तो मुलगा आपला भाबडेपणाने मागून ‘तेजश्री’ म्हणाला, आणि मग थांबून म्हणाला, “गुरुजी, आमच्या आईचं नाव मंगलाबाई होतं.”

“जिवंत माणसाच्या नावाने पिंड दिला मी,” गौरांग म्हणाला. त्याचे हात अजून पिठाचे होते. “मला नाही जमणार आता, ताई. मला थोडे दिवस कोणी नको. एक माणूस नको. वाटल्यास कोंडून घाल.”

“मग इगतपुरीला जा कुठेतरी, डोंगरात. चार दिवस राहून ये.”

“आणि इथे काय सांगशील? उद्याचे सुरतवाले, परवाचे ते नांदेडचे? आजारी म्हटलं तर वर बघायला येतील. गावाला गेलो म्हटलं तर फोन करतील.”

खरं होतं ते. आमच्या धंद्यात आजारपणाला कोणी विचारत नाही. रजा एकच, सुतकाची. भाऊबंदांतलं कोणी गेलं की दहा दिवस हाताला पूजा नाही, पिंड नाही, दक्षिणा नाही. यजमान स्वतःहून दुसऱ्या गुरुजींकडे जातात, आणि तेसुद्धा आदराने. देवानेच सुटी दिल्यावर माणूस काय बोलणार?

“दामूकाका,” गौरांग म्हणाला. वाटेत येतानाच त्याने ठरवलं असावं.

दामूकाका म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. गौरांगच्या जन्माच्या आधी एके दिवशी नाशिकरोडला जातो म्हणून जे गेले, ते गेलेच. बायको नाही, मूल नाही, पत्ता नाही. घरात त्यांचा एक फोटो होता, तोही गटात, मागच्या रांगेत.

“त्यांना मारलं तर कोणाचं काही जात नाही,” गौरांग म्हणाला. “इंदूरला वारले, आजच कळलं, म्हणून सांग.”

एवढा शिकलेला भिक्षुक, धर्मशास्त्राची पुस्तकं तोंडपाठ असलेला. त्याला यातली चूक तेव्हा दिसली नाही. मलाही दिसली नाही. पण मला शास्त्र येत नाही, मला फक्त त्याचे हात दिसत होते. मी म्हटलं, “वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत जा.” बँकेत फोन करून रजा टाकली. सुतकाची रजा बँकेत मिळत नाही, कॅज्युअल घ्यावी लागते.

शेजारच्या ललिताकाकूंकडे मी देव नेऊन दिले, कारण सुतकात घरच्यांनी पूजा करायची नसते. ललिताकाकूंना सांगितलं म्हणजे पंचवटीला सांगितलं. दुपारपर्यंत त्या पिठलं-भात घेऊन आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, म्हणून शेजारी जेवण आणतात. त्यांच्यामागे आणखी दोघी आल्या. संध्याकाळी घाटावरचे चार गुरुजी भेटायला आले, सतरंजीवर बसले, आणि ज्या माणसाला त्यातल्या एकानेही पाहिलं नव्हतं त्याच्याबद्दल हळहळले. एक म्हणाले, “फार तेजस्वी होते.” मी मान हलवली.

एकांत हवा म्हणून सुतक धरलं आणि सुतकाने घर भरलं. हे गौरांगच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो वर होता. खाली मी होते. “गौरांग कुठंय?” “त्याला बरं नाही.” “फार लागलं का त्याला?” “हो, फार लागलं.” तेवढं एक वाक्य मला मनापासून म्हणता यायचं. बाकी सगळं मी पाठ म्हणत होते. दामूकाका कशाने गेले, हे मी पहिल्या दिवशी हृदयविकार सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मधुमेह. कोणी पकडलं नाही. दुसऱ्याच्या मरणाकडे लोक एवढंच लक्ष देतात.

मी थकले होते. आणि खरं सांगायचं तर मला गौरांगचा राग येत होता. राग कसला, हेवा. कारण माझंही एक होतं, आणि त्याला सुतक मिळालं नव्हतं.

सोमनाथ आमच्या बँकेत होता, दिंडोरीकडच्या शेतकरी घरातला. चार वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. त्याच्या घरी मी चालत नव्हते, माझ्या घरी तो चालला नसता, आणि दोघांपैकी एकानेही घरी विचारलं नाही. मागच्या सिंहस्थात त्याचं लग्न झालं. सिंहस्थात आमच्या घरात काय असतं ते सांगून कळणार नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं झोपतात. ज्या दिवशी त्याच्या लग्नाला बँकेतले सगळे बस करून गेले, त्या दिवशी मी सकाळपासून पोळ्या लाटत होते. दुपारी मला रडू आवरेना, म्हणून मोरीत गेले, कडी लावली, आवाज येऊ नये म्हणून नळ सोडला. लगेच दार वाजलं. “ताई, आटपलं का? आम्हाला दर्शनाला जायचंय.” मी तोंड धुतलं आणि बाहेर आले. पुढे पुष्कळ दिवस मी असंच करत होते, थोडं थोडं, दार वाजेपर्यंत. मग सवय मोडली. संपलं नाही, नुसती सवय मोडली.

तर वर जेवणाचं ताट घेऊन जाताना माझ्या मनात येई, याला बरी मागची खोली मिळाली. आणि ताट तसंच परत आणताना मनात येई, मिळूनही काय उपयोग.

आमच्याकडे धुण्याभांड्याला कुसाबाई येतात, म्हसरूळकडच्या. त्यांनी परत आलेलं ताट बघितलं.

“ताई, एक इचारू का? रागावू नका.”

“विचारा.”

“दादाचं हे मेलेल्या माणसाचं दुःख नाय. मेलेल्याचं माणूस दोन दिसांत जेवतं. मह्या नवऱ्याचं मी जेवले. हे जित्याचं हाय. ते लय वंगाळ, ते पोटात ऱ्हातं.”

“कोणाला बोलू नका,” मी म्हटलं.

“मला काय पडलीय? तुम्ही बसा घटकाभर, तुमचं तोंड बघा कसं झालंय.” त्यांनी माझ्या हातातून ताट घेतलं. त्या दिवसांत मला ‘बस’ म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

आणि मग श्यामलाकाकू आल्या.

श्यामलाकाकू म्हणजे आमच्या भाऊबंदांतल्याच, अण्णांच्या धाकट्या चुलतभावाची बायको. त्यांचा मुलगा धवल सातपूरला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने तिकडेच फ्लॅट घेतला होता आणि गुरुवारी वास्तुशांत होती. आता कुळ एक, तर सुतक एक. दामूकाका आमचे मेले म्हणजे त्यांचेही मेले, आणि वास्तुशांत बोंबलली. गौरांगने ज्याला मारलं तर कोणाचं काही जात नाही असं म्हटलं होतं, त्याने धवलचं घर अडवलं होतं.

काकू रिक्षातून उतरल्या त्या तोंड उघडूनच.

“आभा, हा काय प्रकार आहे? दामू कधी मेला?”

“काकू, आत या ना. इंदूरहून फोन आला होता...”

“कोणाचा? मला नंबर दे.”

सतरंजीवर ललिताकाकू बसल्या होत्या, त्यांनी कान टवकारले.

“हे बघ,” काकू म्हणाल्या, “मला तुझ्या दामूकाकांचा अनुभव आहे. धवलची मुंज ठरली होती. मांडव घालून झाला होता. आणि त्याच वेळी शामभाऊजींनी सांगितलं, की दामूला जाऊन बारा वर्षं झाली, काही वार्ता नाही, आता त्याचा पालाशविधी करून टाकतो. पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, आम्ही सगळे सुतकात बसलो. मुंज पुढे गेली. तेव्हा मुंज, आता वास्तुशांत. हा माणूस मेला तरी किती वेळा?”

मला आठवायला हवं होतं. मी तेव्हा शाळेत होते. पण आमची भाऊबंदकी एवढी मोठी, की दर वर्षी कोणी ना कोणी जायचंच. शाळेला दांडी एवढंच त्यातलं माझ्या लक्षात राहायचं. पण गौरांग? बेपत्ता माणसाचं बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा देह करून करायचं असतं, हे तो यजमानांना समजावून सांगतो. स्वतःच्या घरात ते कधीच झालेलं असणार, हे त्याच्या डोक्यात येऊ नये? ज्याचं सगळं करून झालंय त्याच्या नावाने त्याने सुतक धरलं होतं. घाटावर हे कळलं असतं तर पोराला पुन्हा कोणी पिंडाला बोलावलं नसतं. वर्षभर हसले असते ते वेगळंच.

मी काकूंकडे बघत राहिले. हृदयविकार आणि मधुमेह दोन्ही वापरून झाले होते.

“सुतक आहे,” मागून आवाज आला.

दारात अण्णा उभे होते. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, हातात कापडी पिशवी. प्रतिभाताईच्या नवऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आमच्याकडचे रस्ते येत्या सिंहस्थासाठी खणून ठेवलेत, गाडी आत येत नाही. श्यामलाकाकूंनी पुण्याला फोन केला होता, तो अण्णांनी घेतला आणि ते लगेच निघाले.

“भाऊजी, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा, दामूचं तुम्ही केलं होतं ना?”

“केलं होतं.”

“मग?”

“सुतक माझ्या घरात आहे, श्यामला. तुम्हाला लागत नाही. गुरुवारी वास्तुशांत करा.”

“असं कसं? भाऊबंद एक, आणि सुतक तुम्हाला एकट्यालाच?”

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. “आपल्या घरात आजवर मुहूर्त कोणी सांगितले? सुतकं कोणी सांगितली?”

“तुम्हीच.”

“कधी चुकलं?”

काकूंनी विचार केला. मुंजीचं त्यांच्या तोंडावर आलं असणार, पण चूक म्हणून ते सांगता येईना. “नाही,” त्या म्हणाल्या.

“मग हेही ऐक. आणि गुरुवारी मला प्रसाद पाठवू नकोस, मी सुतकात आहे.”

माझ्या वडिलांनी आयुष्यात शास्त्राला धरून नसलेलं एक वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यासाठी त्यांनी यजमान सोडले होते, नातेवाईक तोडले होते. आणि आता ते भर दुपारी, दोन बायकांसमोर, धडधडीत खोटं बोलत होते आणि त्यांचा आवाजही हलला नव्हता. काकू गेल्या. ललिताकाकूही उठल्या. अण्णांनी त्यांना नमस्कार केला, ‘हे या घरातच राहू द्या’ म्हणाले, त्या पायऱ्या उतरेपर्यंत थांबले, आणि मग दार लोटून आतून कडी लावली. कडी कित्येक वर्षांत दिवसा लावली नव्हती, ती अडकली. अण्णांनी दोन्ही हातांनी रेटून लावली.

“गौरांग कुठंय?” त्यांनी विचारलं.

“वर, मागच्या खोलीत.”

गुडघे धरून ते जिना चढले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले आणि दाराबाहेर थांबले. चोरून ऐकणं म्हणतात ते मी केलं. या घरात दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने काही कळत नाही.

गौरांग भिंतीला टेकून बसला होता. अण्णांना बघून उठायला लागला, त्यांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि शेजारी बसले.

“दामूच का रे?” अण्णांनी विचारलं.

“त्यांना कोणी नव्हतं,” गौरांग म्हणाला.

“मी होतो.”

गौरांगने मान खाली घातली.

“पोहायला त्यानेच शिकवलं मला,” अण्णा म्हणाले. “गंगेत ढकलून दिलं आणि वरून हसत बसला. गेला तेव्हा मी रोज संध्याकाळी नाशिकरोडला जायचो, गाड्या बघायला. तुझ्या आईला सांगायचो, यजमान येणार आहेत. बारा वर्षं झाल्यावर माझ्या वडिलांनी सांगितलं, आता कर. मी पळसाची पानं लावली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. तेव्हा हसू आलं मला. त्याचं डोकं तसंच होतं. आणि मग जे रडू आलं ते आवरेना. दामू मेला की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण तो येणार नाही, हे त्या दिवशी मी कबूल केलं. नंतर स्टेशनवर गेलो नाही.”

गौरांगने मग सगळं सांगितलं. तेजश्रीचं, वेगळ्या घराचं, ‘बोलतो बोलतो’ म्हणत न बोलल्याचं. शेवटी पिंडाचं. “जिवंत मुलीच्या नावाने, अण्णा. तिला काही झालं तर?”

“त्या मुलाने नंतर आईचं नाव घेतलं ना?”

“घेतलं.”

“मग पिंड त्याच्या आईला पोचला. देणारा तो होता. तू नुसता सांगणारा.” अण्णांनी चष्मा काढला आणि पंच्याने डोळे पुसले, डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. “तिला काही होत नाही. ती सुखात राहील. तू मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, ते खरं. पण विचारायला हवं होतंस. नाही ऐकून तरी गेला असतास.”

“आता काय करू?”

“काय करू म्हणजे? सुतक धरलंयस ना? मग पाळ. मधेच सोडता येत नाही.”

पुढचे दिवस अण्णा खाली दाराशी खुर्ची टाकून बसले. कोणी आलं की दार बोटभर उघडायचे. “सुतक आहे. नंतर या.” यजमानांना, घाटावरच्या गुरुजींना, ललिताकाकूंच्या पिठल्यालासुद्धा. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागला. गौरांग झोपायचा, गच्चीत बसायचा, पुन्हा झोपायचा. एकदा मी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा तो मोठमोठ्याने रडत होता. मी बादली ठेवून परत खाली आले. कपडे दुपारी वाळत घातले. एकदा त्याने आपणहून भाकरी मागितली. कुसाबाई म्हणाल्या, “मागितली ना? मग झालं.” झालं वगैरे काही नव्हतं, पण त्याने भाकरी खाल्ली.

सुतक फिटायच्या दिवशी सकाळी मल्हारी न्हावी आला. गौरांगची दाढी वाढली होती, ती उतरवली. खाली जो चेहरा निघाला तो वाळलेला होता, पण आमचा होता. अण्णांनी घरभर गोमूत्र शिंपडलं. गौरांग डोक्यावरून आंघोळ करून आला, नवं जानवं घातलं, आणि विचारलं, “उद्या कोणाचं आहे?”

“जळगावच्या लोकांचं,” अण्णा म्हणाले. “नाव दोनदा विचारून घे.”

गौरांगला हसू आलं. अगदी थोडं आलं, आणि लगेच गेलं. त्याने ओला पंचा पिळला आणि तो देव आणायला ललिताकाकूंकडे गेला.

मी स्वयंपाकघरात वळले. उद्यापासून माणसं यायची होती, कणीक भिजवायची होती, बँकेतही जायचं होतं.

“आभे,” अण्णांनी हाक मारली. “तुझी आंघोळ राहिली.”

“सकाळीच झाली, अण्णा.”

“डोक्यावरून नाही केलीस. सुतक घरातल्या सगळ्यांचं असतं.” काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघताहेत ते कळत नव्हतं. “मागच्या सिंहस्थात तू मोरीत फार वेळ असायचीस. मला कळायचं. नळ चालू असायचा. यजमान विचारायचे, आणि मीच सांगायचो, वाजवा दार.”

माझ्या हातात परात होती. ती मी ओट्यावर ठेवली. मला काहीतरी लागट बोलायचं होतं. इतक्या वर्षांनी बरं सुचलं, असं काहीतरी. पण मी फार दमले होते, आणि अण्णांनी तोवर आपली खुर्ची उचलली होती. बाहेरच्या दाराजवळची खुर्ची त्यांनी ओढत ओढत आणली आणि मोरीच्या दारापाशी ठेवली.

मी आत गेले. कडी लावली. सवयीने नळ सोडला. बाहेर कोणाच्या तरी चपला वाजल्या, श्यामलाकाकू असाव्यात, वास्तुशांतीचा प्रसाद घेऊन. “आभा कुठंय, भाऊजी?”

“आत आहे,” अण्णा म्हणाले. “तिला वेळ लागेल. दार वाजवायचं नाही.”

मी हात पुढे केला आणि नळ बंद केला.